नागरिक कोणास म्हणावे?

यरुशलेमच्या मंदिरात दंगल उसळली आणि रोमी सैनिकांनी संत पौलाला धरून गढीत नेले, हा प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आपण सर्वांनी वाचला आहे. फटके मारण्यासाठी त्याला वाद्यांनी बांधले जात होते. तेव्हा त्याने शताधिपतीला विचारले की, चौकशी झालेली नसताना रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? ते ऐकून सरदार स्वतः आला. आपण हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळवले, असे तो सांगू लागला. आपण तर जन्मापासूनच नागरिक आहोत, असे पौलाने त्याला उत्तर दिले. चाबूक तेथेच थांबला.

या छोट्या संवादात एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. माणूस एखाद्या राज्याचा नागरिक होतो तो कशाने? जन्माने, की काही देऊन-घेऊन? आणि ते ठरवायचे कोणी? पौलाच्या बाबतीत उत्तर सोपे होते, कारण रोमी कायदा जुना आणि मुरलेला होता. पण राज्यच नुकते जन्माला आले असेल तर? अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढे हाच पेच उभा राहिला. तेथील न्यायालयांनी तो कसा सोडवला, आणि कोठे अधिकच बिघडवला, याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. तीत दोन न्यायाधीशांचे स्थान विशेष आहे. दोघेही कॅथलिक होते, दोघेही दासप्रथा असलेल्या राज्यांत जन्मले, आणि त्यांच्या जन्मवर्षांत केवळ एका वर्षाचे अंतर होते. एकाच प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे मात्र परस्परांच्या अगदी विरुद्ध होती.

संविधानाचे मौन

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या संविधानात 'नागरिक' हा शब्द अनेकदा येतो. राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिक असावा. प्रतिनिधिगृहाचा सभासद किमान सात वर्षे आणि सिनेटचा सभासद किमान नऊ वर्षे नागरिक असावा. एका राज्याच्या नागरिकांना दुसऱ्या राज्यातही नागरिकांचे हक्क असावेत. निरनिराळ्या राज्यांच्या नागरिकांमधील दावे संघराज्याच्या न्यायालयांत चालावेत. परंतु नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात कोठेही नव्हती.

बाहेरून आलेल्यांसाठी काँग्रेसने १७९० साली कायदा केला. दोन वर्षे वास्तव्य केलेल्या, सद्वर्तनी अशा 'स्वतंत्र गौरवर्णीय' व्यक्तीने न्यायालयापुढे शपथ घेतली की ती नागरिक होत असे. वास्तव्याची ही मुदत १७९५ साली पाच वर्षे झाली, १७९८ साली चौदा वर्षे झाली आणि १८०२ साली पुन्हा पाच वर्षांवर आली. मुदत अशी मागेपुढे होत राहिली; 'गौरवर्णीय' हा शब्द मात्र जागचा हलला नाही.

हा कायदा परक्यांपुरता होता. देशातच जन्मलेल्यांचे काय, स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूला गेलेल्यांचे काय, त्यांच्या बायकामुलांचे काय, दास्यमुक्त कृष्णवर्णीयांचे काय, याविषयी तो काहीच सांगत नव्हता. म्हणून हे प्रश्न न्यायालयांत आले, आणि बहुधा जमिनीच्या वाटेने आले. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे परकीय माणसाला जमिनीचा वारसा मिळत नसे. त्यामुळे वारसाहक्कासाठी भांडणारे लोक प्रतिपक्षाला 'तू परका' असे म्हणत न्यायाधीशापुढे उभे राहू लागले. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात आधी वंशावळ मांडावी लागते. तेथे निष्ठेचीही वंशावळ मांडावी लागे.

राजाची प्रजा

न्यायाधीशांच्या हाती आयता होता तो जुना इंग्रजी नियम. १६०८ साली लंडनमध्ये एका स्कॉटिश बालकाचा खटला निकालात निघाला होता. रॉबर्ट कॅल्विन हे त्याचे नाव. स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आल्यानंतर हे मूल स्कॉटलंडमध्ये जन्मले. त्याला इंग्लंडमधील जमिनीचा वारसा मिळू शकतो काय, असा प्रश्न होता. सर एडवर्ड कोक आणि इतर न्यायाधीशांनी 'होय' असे उत्तर दिले. राजाच्या अमलाखालील भूमीत आणि त्याच्या संरक्षणाखाली जो जन्मतो तो त्याचा प्रजाजन. ही निष्ठा निसर्गाने घातलेली असते आणि आयुष्यभर सुटत नाही, असा हा सिद्धान्त होता.

परंतु प्रजाजन असणे वेगळे आणि त्याचे सर्व हक्क हाती असणे वेगळे. ही गोष्ट अमेरिकेतील कॅथलिकांइतकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १६३४ साली वसलेल्या मेरीलँडमध्ये कॅथलिकांना आसरा मिळाला होता, पण त्याच मेरीलँडने १७१८ साली त्यांचा मताधिकार काढून घेतला. ब्रिटिश पार्लमेंटने १७४० साली वसाहतींतील परदेशीयांना प्रजाजन करून घेण्याचा कायदा केला, तेव्हा ज्यू आणि क्वेकर यांच्यासाठी सवलती ठेवल्या; कॅथलिकांना मात्र दार बंदच राहिले. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर न्यू यॉर्कने १७७७ साली आपली राज्यघटना केली. तीत नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशीयाने ऐहिक सत्तेबरोबर परकीय धर्मसत्तेवरील निष्ठाही सोडावी, अशी अट घातली. तिचा रोख रोमकडे होता हे उघड आहे. संघराज्याच्या १७९० च्या कायद्यात धर्माची अट नव्हती, एवढे श्रेय त्या कायद्याला दिलेच पाहिजे.

क्रांतीने बदललेले नाते

निष्ठा आयुष्यभर सुटत नसेल, तर राजाविरुद्ध बंड करून उठलेले सारे अमेरिकन काय ठरतात? ते काही स्वतःला राजद्रोही म्हणवून घेणार नव्हते. तेव्हा जुन्या नियमाला नवे ठिगळ लावणे भाग पडले: जन्माने निष्ठा जडते खरी, पण क्रांतीच्या वेळी प्रत्येकाला बाजू निवडण्याची संधी होती.

याची पहिली परीक्षा न्यायालयात न होता प्रतिनिधिगृहात झाली. साउथ कॅरोलायनाचे विल्यम लाफ्टन स्मिथ हे लहानपणीच शिक्षणासाठी युरोपात गेले आणि युद्ध संपल्यावर, १७८३ साली, परतले. त्यांच्याकडून निवडणुकीत पराभूत झालेले इतिहासकार डेव्हिड रॅम्से यांनी आक्षेप घेतला की, युद्धकाळात देशात नसलेला माणूस सात वर्षांचा नागरिक कसा? २२ मे १७८९ रोजी जेम्स मॅडिसन यांनी उत्तर दिले. निष्ठा जन्मस्थानावरून ठरते किंवा मातापित्यांवरून. आपल्या देशात जन्मस्थानाची कसोटीच अधिक निश्चित होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. सभागृहाने स्मिथ यांच्या बाजूने ३६ विरुद्ध १ असा कौल दिला.

न्यायालयांतील दावे इतके सरळ नव्हते. न्यू जर्सीचे डॅनियल कॉक्स १७७७ साली ब्रिटिश सैन्याला जाऊन मिळाले आणि पुढे इंग्लंडमध्ये राहिले. त्यांची मालमत्ता जप्त झाली. पुढे १८०२ साली एका नातलग स्त्रीच्या मृत्यूनंतर जमिनीच्या वारशाचा प्रश्न आला, तेव्हा ते परके ठरतात असा आक्षेप घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १८०८ साली निकाल दिला की, न्यू जर्सीने ४ ऑक्टोबर १७७६ रोजी आपल्या रहिवाशांवर राज्याची निष्ठा बंधनकारक केली, तेव्हा कॉक्स तेथेच राहत होते. म्हणून ते नागरिक झाले. त्यांच्यावर फितुरीचा ठपका ठेवला तोही राज्याने त्यांना आपले मानले म्हणूनच. अशा रीतीने देशद्रोहाच्या आरोपानेच त्यांचे नागरिकत्व सिद्ध केले, आणि वारसा त्यांना मिळाला.

याउलट जॉन इंग्लिस यांचा दावा. त्यांचे वडील चार्ल्स इंग्लिस हे न्यू यॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे अँग्लिकन धर्मगुरू, राजनिष्ठ म्हणून प्रसिद्ध, आणि पुढे नोव्हा स्कोशियाचे बिशप. वृद्ध खलाशांच्या आश्रमासाठी एका मृत्युपत्राने ठेवलेल्या न्यू यॉर्कमधील जमिनीवर मुलाने वारसा सांगितला. १८३० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या जन्माचा काळ तीन भागांत विभागून पाहिला. ४ जुलै १७७६ पूर्वी जन्म झाला असेल तर तो राजाचा प्रजाजन. १५ सप्टेंबरला शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यानंतर झाला असेल तरीही राजाचाच. या दोन तारखांच्या मधल्या अडीच महिन्यांत झाला असेल, तर तान्ह्या मुलाच्या वतीने बापाने निवड केली, आणि मोठे झाल्यावर मुलाने ती मोडली नाही, म्हणून तो परकाच राहिला. दावा फेटाळला गेला. एका बालकाची ओळख पंचांगावर आणि बापाच्या मनावर टांगलेली होती.

स्त्रियांना स्वतःचे मन असते काय?

बालकाच्या वतीने बाप निवड करतो, हे एकवेळ समजता येते. पण विवाहित स्त्रीचे काय? या प्रश्नावर पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन निकाल आले.

मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅना मार्टिन या पतीबरोबर ब्रिटिशांच्या आश्रयाला गेल्या, म्हणून राज्याने त्यांच्या माहेरच्या वाट्याची जमीनही जप्त केली. त्यांचा मुलगा जेम्स याने दावा लावला. त्याच्या वकिलांचे म्हणणे असे की, पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे हे कायदाच सांगतो. मग पतीमागे गेली म्हणून तिला शिक्षा कशी? तिला राजकीय इच्छाच नव्हती. १८०५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. जमीन वाचली; पण अ‍ॅना मार्टिन यांना स्वतःचे मत असू शकते ही कल्पना त्या निकालात बुडाली.

दुसरा निकाल अ‍ॅन शँक्स यांचा. साउथ कॅरोलायनात जन्मलेल्या या तरुणीने १७८१ साली ब्रिटिश अधिकाऱ्याशी विवाह केला, १७८२ साली ती इंग्लंडला गेली आणि १८०१ साली तेथेच वारली. तिच्या मुलींनी आजोबांच्या जमिनीतील वाटा मागितला. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८३० साली लिहिले की, परकीयाशी विवाह केल्याने स्त्रीची निष्ठा आपोआप तुटत नाही. परंतु तिने देश सोडला आणि १७८३ च्या तहानंतरही ती राजाच्या पक्षातच राहिली, म्हणून ती ब्रिटिश प्रजाजन झाली. तेव्हा ब्रिटिशांच्या जमिनींना १७९४ च्या तहाने दिलेले संरक्षण मुलींना लागू होते. दोन्ही दाव्यांत मुलांना जमीन मिळाली. पण पहिल्या निकालाने आईची इच्छा नाकारून ती दिली. दुसऱ्याने तिची इच्छा मान्य करून दिली.

आणखी एका निकालाची नोंद येथे केली पाहिजे. ज्युलिया लिंच हिचा जन्म १८१९ साली न्यू यॉर्कमध्ये झाला. तिचे आयरिश आईवडील तेथे काही काळापुरते आले होते, आणि त्याच वर्षी ते तिला घेऊन मायदेशी परतले. पुढे सॅराटोगा येथील खनिज पाण्याच्या झऱ्यांतील चुलत्याच्या हिश्श्यावरून वाद झाला, तेव्हा ज्युलिया नागरिक आहे काय, असा प्रश्न निघाला. न्यू यॉर्कच्या न्यायासनावरील लुइस सँडफर्ड यांनी १८४४ साली निर्णय दिला की, आईवडिलांचे वास्तव्य तात्पुरते असले तरी या भूमीवर जन्मलेले मूल नागरिकच होय.

मॅन्युएलचा वीस डॉलरचा दंड

हा सारा उदार विचार गोऱ्या माणसांपुरता चालला होता. स्वतंत्र कृष्णवर्णीयाचा प्रश्न आला की न्यायाधीशांची लेखणी अडखळत असे. कनेक्टिकटमध्ये प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने परराज्यातील कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवली, म्हणून १८३३ साली तिच्यावर खटला झाला. स्वतंत्र कृष्णवर्णीय हे संविधानाच्या अर्थाने नागरिकच नव्हेत, असे न्यायाधीश डेव्हिड डॅगेट यांनी पंचांना सांगितले. वरिष्ठ न्यायालयाने पुढील वर्षी तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. मूळ प्रश्नाला हात लावला नाही.

त्या प्रश्नाला सरळ हात घातला तो नॉर्थ कॅरोलायनाचे न्यायाधीश विल्यम गॅस्टन यांनी. त्यांचा जन्म १७७८ साली न्यू बर्न येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना राजपक्षीय सैनिकांनी त्यांच्या वडिलांना गोळी घातली. कॅथलिक आईने त्यांना वाढवले. १७९१ साली जॉर्जटाऊनच्या कॅथलिक महाविद्यालयात दाखल झालेला पहिला विद्यार्थी म्हणजे हा मुलगा. ते पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १८३३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. वास्तविक राज्यघटनेच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे प्रॉटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्यास अधिकारपद मिळत नसे. १८३५ च्या घटनापरिषदेत गॅस्टन यांनी या कलमाविरुद्ध दीर्घ भाषण केले. परिषदेने 'प्रॉटेस्टंट' शब्द काढून 'ख्रिस्ती' शब्द घातला. कॅथलिकांसाठी दार उघडले; ज्यूंसाठी ते बंदच राहिले. आणि त्याच परिषदेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना तोवर असलेला मताधिकार गॅस्टन यांच्या विरोधाला न जुमानता काढून घेतला.

तीन वर्षांनी, १८३८ साली, त्यांच्यापुढे मॅन्युएलचा खटला आला. मॅन्युएल हा दास्यमुक्त झालेला माणूस. मारहाणीबद्दल त्याला वीस डॉलरचा दंड झाला होता आणि तो भरण्यास पैसे नव्हते. १८३१ च्या कायद्यानुसार अशा स्वतंत्र कृष्णवर्णीयाला दंडाच्या वसुलीसाठी मजुरीवर लावून देता येत असे. ऋणकोला कैदेत न डांबण्याची घटनेतील हमी आपल्यालाही लागू होते, असे त्याचे म्हणणे होते. सरकारपक्षाचे उत्तर असे की, तो नागरिकच नाही, मग घटनेची हमी त्याला कसली?

गॅस्टन यांचा युक्तिवाद एखाद्या गणितासारखा स्वच्छ आहे. क्रांतीपूर्वी राजाच्या राज्यात जन्मलेले सर्व स्वतंत्र लोक, मग त्यांचा वर्ण कोणताही असो, प्रजाजन होते. बाहेर जन्मलेले परके होते. आणि दास हे दास होते. क्रांतीने सत्ता राजाकडून जनतेकडे आली, एवढाच बदल झाला. कालचा प्रजाजन आज नागरिक झाला. दास मुक्त झाला की तो स्वतंत्र माणूस होतो. त्याचा जन्म याच भूमीत झाला असेल तर तो परका नव्हे. मग तो नागरिकच. स्वतंत्र माणसांचे परके आणि नागरिक एवढे दोनच वर्ग आपल्या कायद्याला ठाऊक आहेत. त्यांच्यामध्ये तिसरी पायरी नाही. मताधिकार नाही म्हणून नागरिकत्व नाही, हे म्हणणेही त्यांनी खोडून काढले. मालमत्तेच्या अटीमुळे कित्येक गोऱ्यांनाही मत नव्हते. म्हणून ते परके होत नसत. ज्याच्या स्वतःच्या धर्मबांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या मताविना काढल्या, त्या न्यायाधीशाने हे लिहावे, यात आम्हांस विशेष अर्थ दिसतो.

तरीही मॅन्युएल हरला. मजुरीवर लावणे ही शिक्षा आहे, कर्जासाठी कैद नव्हे, असे म्हणून गॅस्टन यांनी तो कायदा उचलून धरला. जन्मापासूनचा नागरिक म्हणताच पौलावरचा चाबूक थांबला होता. मॅन्युएलला नागरिक म्हणूनही शिक्षा टळली नाही. गॅस्टन यांनी १८३२ साली विद्यार्थ्यांपुढे दासप्रथेचा निषेध केला होता. पण स्वतःच्या घरचे दास त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. आणि ज्या वर्षी त्यांनी हा निकाल दिला, त्याच १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ दासांना लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरांना विकण्याचा व्यवहार केला. त्यातील पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्याकडे गेला. ही दास मंडळी कॅथलिकच होती. स्नानसंस्काराने त्यांना ख्रिस्तसभेचे सभासद केले होते. कायद्याने ती मालमत्ता होती.

टॉनी यांचे उत्तर

दुसरे न्यायाधीश रॉजर टॉनी. जन्म १७७७, मेरीलँडच्या जुन्या कॅथलिक घराण्यात. सर्वोच्च न्यायालयात बसलेले ते पहिले कॅथलिक. १८३६ साली ते सरन्यायाधीश झाले. तरुणपणी त्यांनी आपल्या दासांना मुक्त केले होते. १८१९ साली दासप्रथेविरुद्ध प्रवचन करणाऱ्या जेकब ग्रुबर या मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा त्यांनी कोर्टात बचाव केला, आणि ही प्रथा राष्ट्राला कलंक असल्याचेही तेव्हा सांगितले. अशा माणसाकडून काही वेगळी अपेक्षा करण्यास जागा होती.

ड्रेड स्कॉट हा व्हर्जिनियात दास म्हणून जन्मला. सैन्यातील डॉक्टर असलेल्या मालकाने त्याला इलिनॉय या दासमुक्त राज्यात आणि नंतर उत्तरेकडील दासमुक्त प्रदेशात वर्षानुवर्षे ठेवले. १८४६ साली त्याने आणि त्याची पत्नी हॅरिएट हिने सेंट लुइसच्या न्यायालयात आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८५० साली पंचांनी त्यांना स्वतंत्र ठरवले. १८५२ साली मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मग दावा संघराज्याच्या न्यायालयात गेला. दोन राज्यांच्या नागरिकांमधील दावाच तेथे चालू शकत असल्याने मुळाशी पुन्हा तोच प्रश्न आला: ड्रेड स्कॉट नागरिक आहे काय?

६ मार्च १८५७ रोजी टॉनी यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना निकाल वाचला. आफ्रिकेतून आणलेल्या दासांचे वंशज, ते मुक्त असोत वा नसोत, संविधान करणाऱ्या जनतेत कधीच मोजले गेले नव्हते. म्हणून ते नागरिक नाहीत आणि होऊही शकत नाहीत, असे त्यांनी सांगितले. गोऱ्या माणसाने मानावेत असे कोणतेच हक्क त्या काळी त्यांना नव्हते, असेही त्यांनी लिहिले. काही प्रदेशांत दासप्रथा मना करणारा १८२० चा कायदाही त्यांनी संविधानबाह्य ठरवला. नऊपैकी सात न्यायाधीश स्कॉटच्या विरुद्ध गेले.

न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. संविधानापूर्वीच पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक होते आणि अटी पूर्ण केल्यास मतदानही करत, हे त्यांनी दाखवून दिले. त्या पाचांत नॉर्थ कॅरोलायना होते. आणि त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो मॅन्युएलच्या खटल्यातील गॅस्टन यांच्या निकालाचा. गॅस्टन १८४४ सालीच निवर्तले होते. मृत कॅथलिक न्यायाधीशाचे शब्द जिवंत कॅथलिक सरन्यायाधीशाविरुद्ध साक्षीला उभे राहिले. कर्टिस यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. देश यादवी युद्धाकडे ओढला गेला.

पुढे काय झाले

युद्धानंतर, ९ जुलै १८६८ रोजी, चौदावी घटनादुरुस्ती संमत झाली. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकाराखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक होय, हे प्रथमच संविधानात लिहिले गेले. टॉनी यांचा निकाल त्या वाक्याने पुसून टाकला. १८९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांपोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क याला सर्वोच्च न्यायालयाने नागरिक ठरवले, तेव्हा न्यायमूर्ती ग्रे यांनीही गॅस्टन यांचा निकाल उद्धृत केला. मूळनिवासी जमातींना मात्र १८८४ च्या निकालाने बाहेरच ठेवले. त्या सर्वांना नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले.

१७९० च्या 'गौरवर्णीय' या शब्दाची झळ आपल्या लोकांनाही लागली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यू यॉर्कच्या न्यायालयाने गोऱ्यांत गणून नागरिकत्व दिले. १९२३ साली पंजाबच्या भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने तेच नाकारले. थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित हे मुंबई इलाख्यातून गेलेले. १९१४ साली मिळालेले त्यांचे स्वतःचे नागरिकत्व हिरावून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला, तेव्हा ते लढले आणि १९२६ साली जिंकले. भारतीयांवरील बंदी १९४६ साली उठली. वर्णाची अट १९५२ साली पूर्णपणे गेली.

प्रश्न जुना झाला, असे मात्र म्हणता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, आईवडिलांचे वास्तव्य बेकायदा किंवा केवळ तात्पुरते असल्यास तेथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये. त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिले गेले. नोकरीच्या व्हिसावर तिकडे असलेल्या अनेक मराठी घरांत त्या दिवसांत पाळण्याशेजारी चिंता बसली. ज्युलिया लिंचचे आयरिश आईवडील १८१९ साली ज्या स्थितीत होते, त्याच स्थितीत ही आजची तरुण जोडपी आहेत.

ड्रेड स्कॉटला निकालानंतर अडीच महिन्यांनी त्याच्या जुन्या मालकाच्या मुलाने, टेलर ब्लो याने, मुक्त केले. पण पुढच्याच वर्षी, १८५८ साली, तो वारला. १८६७ साली त्याचे अवशेष सेंट लुइसच्या कॅल्व्हरी या कॅथलिक दफनभूमीत हलवण्यात आले, आणि आज तेथे त्याच्या नावाची शिला आहे. टॉनी हेही मेरीलँडमधील फ्रेडरिकच्या कॅथलिक दफनभूमीतच विसावले आहेत. २०१७ च्या मार्चमध्ये टॉनी घराण्याच्या वंशजांनी स्कॉटच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. पुढच्याच महिन्यात जॉर्जटाऊन विद्यापीठाने आणि येशूसंघाने १८३८ च्या विक्रीबद्दल त्या २७२ जणांच्या वंशजांपुढे प्रार्थनाविधीत क्षमायाचना केली.

एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे दोन विद्वान एकाच कायद्याकडे पाहतात आणि दोन टोकांना पोहोचतात, हे कसे? आमच्या मते फरक ज्ञानाचा नव्हता. टॉनी यांनी विचारले, हा माणूस आमच्यातला होता काय? गॅस्टन यांनी विचारले, हा माणूस कोठे जन्मला आणि तो स्वतंत्र आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दार धरून उभ्या असलेल्यांच्या मर्जीवर राहते. दुसऱ्याचे उत्तर कोणालाही तपासून पाहता येते. नागरिक कोण, हा वाद कोणत्याही देशात पुन्हा निघेल, तेव्हा कोणता प्रश्न विचारला जात आहे याकडे आपण प्रथम लक्ष द्यावे, एवढेच आम्हांस सुचवायचे आहे.